कवकविज्ञानाचा इतिहास

कवकांची शरीररचना, पोषण, प्रजोत्पादन व वर्गीकरण यांचा, तसेच मानवी जीवनाशी असलेल्या त्यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास कवकविज्ञान म्हणतात. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी कुत्र्याची छत्री, रानात मिळणारी खाद्य अळंबी, शिळ्या भाकरीवरील व ओलसर कातड्यावरील बुरशी, गव्हावरील तांबेरा, ज्वारीवरील काणी, दगडफुलाचा एक घटक आणि पाव फुगविणारे यीस्ट ही सर्व कवकेच होत. व्यवहारात त्यांना वेगवेगळी नावे आहेत. कारण ती एकाच सृष्टीतील आहेत, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्यातील नाते ओळखणे, ती कुजण्यातून आपोआप उत्पन्न होत नसून बीजुकांपासून जन्मणारे स्वतंत्र सजीव आहेत हे सिद्ध करणे आणि ती वनस्पतीही नाहीत व प्राणीही नाहीत हे ठरविणे, अशा तीन पायऱ्यांनी या शास्त्राची प्रगती झाली. यांपैकी दुसरी पायरी सर्वांत अवघड ठरली. रोगट पिकावर दिसणारे कवक हे रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, या प्रश्नाचा निर्णय होण्यास एका शतकाहून अधिक काळ लागला.

कवकांचे स्वरूप : या इतिहासातील अडचणी समजण्यासाठी कवकाच्या शरीराची थोडी माहिती आवश्यक आहे. बहुतेक कवकांचे शरीर अतिशय बारीक, शाखायुक्त तंतूंचे बनलेले असते. हे कवकतंतू टोकाशी वाढत जातात व त्यांच्या गुंतागुंतीतून कवकजाल तयार होते. कवकजाल माती, लाकूड, पान किंवा अन्य पदार्थांत दडलेले असल्याने सहसा नजरेस पडत नाही. दिसते ते बहुधा बीजुके निर्माण करणारे इंद्रिय. भूछत्र हे असेच एक इंद्रिय होय. झाडाच्या मानाने फळाचे जे स्थान, तेच कवकजालाच्या मानाने भूछत्राचे. यीस्टासारखी काही कवके मात्र एककोशिक असतात. कवकांत हरितद्रव्य नसल्यामुळे त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती आपल्या शरीराबाहेर एंझाइमे सोडतात, भोवतालच्या पदार्थाचे तेथेच पचन करतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. प्राणी अन्न खाऊन मग पचवितो, कवक अन्न पचवून मग घेते. शरीर झाकलेले, बीजुके सूक्ष्म आणि वास्तव्य नेहमी कुजक्या वा रोगट पदार्थावर, या तीन गोष्टींमुळे कवक हे कुजण्याचेच एक रूप आहे असे पूर्वीच्या लोकांना वाटले, यात नवल नाही.

प्राचीन कल्पना : भारतीय वाङ्मयात कवकांचे उल्लेख जुने आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्याबरोबर कवकेही द्विजांना अभक्ष्य म्हणून सांगितली आहेत. सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानात भूछत्रांसारख्या उद्भिदांचे पेंढा, ऊस, शेण, वेळू व जमीन असे उगमस्थानांवरून प्रकार केले आहेत. हे वर्गीकरण आहारशास्त्राच्या दृष्टीने केलेले असले, तरी अशा उद्भिदांचे गुण त्यांच्या आधारपदार्थावर अवलंबून असतात, हे निरीक्षण त्यामागे आहे.

ग्रीक व रोमन लोकांना धान्यावरील तांबेरा चांगला परिचित होता. थीओफ्रॅस्टस यांनी त्याचे वर्णन केले आहे. रोमन लोक तांबेऱ्याच्या देवतेला प्रसन्न करण्यासाठी दरवर्षी २५ एप्रिल रोजी उत्सव करीत व कुत्र्याचा बळी देत. या दिवसांत तेथील गहू तांबेऱ्याला बळी पडण्याच्या अवस्थेत असे. म्हणजे रोग केव्हा येतो हे शेतकऱ्यांना ठाऊक होते; तो कशामुळे येतो हे ठाऊक नव्हते. दव, ऊन, चंद्रप्रकाश किंवा दैवी कोप अशी कारणे पुढे कित्येक शतके सांगितली जात राहिली.

बीजुकांचा शोध : सूक्ष्मदर्शक उपलब्ध झाल्यावर प्रथमच कवकांचे अवयव दिसू लागले. इंग्लंडमधील रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कातड्यावरील बुरशीचे आणि गुलाबाच्या पानावरील तांबेऱ्याचे चित्र दिले. चित्रे अचूक होती. पण ही सूक्ष्म झुडपे कुजण्यातून आपोआप उगवतात, असेच हुक यांचे मत होते.

या मताला प्रयोगाने पहिला धक्का दिला तो फ्लॉरेन्स येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येअर आंतॉन्यो मीकेली यांनी. त्यांचा ग्रंथ १७२९ मध्ये प्रसिद्ध झाला. खरबूज व नासपती यांसारख्या फळांच्या ताज्या फोडींवर त्यांनी बुरशीची धूळ ठेवली. ज्या बुरशीची धूळ ठेवली तीच बुरशी फोडीवर उगवली व तिच्यावर पुन्हा तशीच धूळ आली. या धुळीचे कण म्हणजे कवकांची बीजे होत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ॲस्परजिलस हे प्रजातीचे नाव त्यांनीच दिले. या कवकाचा बीजुकधारी शेंडा चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा दिसतो, म्हणून हे नाव. मीकेली यांच्या फोडींपैकी काहींवर हवेतून आलेल्या दुसऱ्याही बुरशा उगवल्या होत्या. त्यामुळे अनेकांनी त्यांचे निष्कर्ष मानले नाहीत.

कार्ल लिनीअस यांनी सर्व वनस्पतींची व्यवस्था लावली, पण कवकांपुढे त्यांचीही पद्धती अपुरी पडली. फुलांच्या अवयवांवर आधारलेल्या वर्गीकरणात फुलेच नसलेल्या कवकांना शेवटच्या वर्गात शैवले, शेवाळी व नेचे यांच्याबरोबर जागा मिळाली. कवकांच्या बीजुकांतून सूक्ष्म प्राणी निघतात असे म्युंखहाउझेन यांनी १७६६ मध्ये प्रतिपादिले. ते मत स्वीकारून लिनीअस यांनी पुढील वर्षी ‘केऑस’ म्हणजे गोंधळ या नावाच्या प्राणिप्रजातीत कवकांचीही एक जाती घातली. हे नाव त्या काळच्या ज्ञानाचे यथार्थ वर्णन करणारे होते.

कारण की परिणाम : गव्हाच्या दाण्यात पिठाऐवजी दुर्गंधीयुक्त काळी भुकटी भरणाऱ्या काणीने अठराव्या शतकात फ्रान्समधील शेतकऱ्यांचे फार नुकसान होत असे. तिचे कारण शोधण्यासाठी बॉर्दो येथील अकादमीने पारितोषिक जाहीर केले. त्र्वा येथील टाकसाळीचे अधिकारी मात्यू तिये यांनी १२० वाफ्यांचा पद्धतशीर प्रयोग केला. निरनिराळी खते, पेरणीच्या निरनिराळ्या वेळा, भुकटी लावलेले बी आणि स्वच्छ बी यांची त्यांनी तुलना केली. काणी हवामानावर किंवा खतावर अवलंबून नसून बियांना चिकटलेल्या काळ्या भुकटीपासून येते, हे त्यांनी १७५५ मध्ये दाखवून दिले. चुन्याने व क्षारयुक्त पाण्याने बी धुतल्यास रोग कमी होतो, हेही त्यांनी सिद्ध केले. तथापि भुकटी सजीव आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. ती एक विषारी द्रव्य असावी असे त्यांना वाटले.

ही उणीव माँतोबाँ येथील बेनेदीक्त प्रेव्हो यांनी भरून काढली. काणीची भुकटी पाण्यात ठेवली असता तिचे कण रुजतात व त्यांतून तंतू निघतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गव्हाच्या कोवळ्या रोपात शिरून वाढणारा हा स्वतंत्र सजीवच रोगाचे साक्षात कारण आहे, असे त्यांनी १८०७ मध्ये लिहिले. तांब्याच्या भांड्यातील पाण्यात हे कण नीट रुजत नाहीत, या निरीक्षणावरून त्यांनी मोरचुदाच्या पाण्यात बी भिजविण्याचा उपायही सुचविला. कारण आणि उपाय दोन्ही एकाच निबंधात आले होते. परंतु पॅरिसमधील विद्वानांनी ते मान्य केले नाहीत. ऑस्ट्रियातील फ्रान्झ उंगर यांच्या १८३३ मधील ग्रंथातही कवके ही वनस्पतीच्या बिघडलेल्या रसांतून उद्भवणारी पुरळासारखी लक्षणे मानली आहेत.

याच काळात कवकांच्या वर्गीकरणाचा पाया मात्र घातला गेला. केप ऑफ गुड होप येथे जन्मलेले क्रिस्तियान पेर्सून यांचा ग्रंथ १८०१ मध्ये आणि स्वीडनमधील एलियास फ्रीस यांचा ग्रंथ १८२१–३२ या काळात प्रसिद्ध झाला. हजारो जातींची वर्णने उपलब्ध झाल्याने एका देशातील कवक दुसऱ्या देशातील अभ्यासकाला ओळखता येऊ लागले.

कवकांच्या रोगकारकतेचा निर्विवाद पुरावा प्रथम मिळाला तो वनस्पतींत नव्हे, तर रेशमाच्या किड्यांत. इटलीतील लोदी परिसरातील आगोस्तीनो बास्सी यांनी किड्यांच्या ‘चुनखडी’ रोगाचा सु. पंचवीस वर्षे अभ्यास केला. या रोगात मेलेल्या किड्यावर पांढरी पूड जमते. ती पूड निरोगी किड्यास टोचली असता त्यालाही तोच रोग होतो, हे त्यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केले. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे प्रयोगाने दाखविणारे हे पहिले संशोधन होय. लूई पाश्चर व रॉबर्ट कॉख यांचे कार्य त्यानंतरचे आहे. या कवकाला बोव्हेरिया बासियाना हे नाव बास्सी यांच्यावरून मिळाले असून आज त्याचाच उपयोग पिकांवरील किडींच्या नियंत्रणासाठी केला जातो. मानवी त्वचेच्या काही रोगांतही कवके असतात, हे पुढील काही वर्षांत आढळून आले. २०२१ मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरलेला म्यूकरमायकोसिस हा रोग म्यूकर व तिच्याशी संबंधित कवकांमुळे होतो. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटले. परंतु काळा रंग बुरशीचा नसून रक्तपुरवठा बंद पडून मृत झालेल्या ऊतकांचा असतो.

बटाट्यावरील करपा : १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याच्या पानांवर काळे डाग पडू लागले. काही दिवसांत शेतेच्या शेते काळी पडली व जमिनीतील बटाटे कुजले. ऑगस्टमध्ये हा रोग इंग्लंडमध्ये व सप्टेंबरपर्यंत आयर्लंडमध्ये पोहोचला. आयर्लंडमधील गरीब कुळे जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत. लागवड बटाट्याच्या फोडींपासून होत असल्याने बहुतेक शेतांत एकसारख्याच वाणांची पिके होती; एक झाड बळी पडले की सर्वच पडत. १८४६ मध्ये पीक जवळजवळ पूर्ण बुडाले. १८४१ च्या जनगणनेत सु. ८२ लाख असलेली आयर्लंडची लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ६५.५ लाखांवर आली. सु. दहा लाख लोक उपासमारीने व तिच्यामागून आलेल्या रोगांनी मरण पावले आणि निदान तितकेच देश सोडून गेले. या संहारास कुळपद्धती, दारिद्र्य आणि धान्याची निर्यात चालू ठेवणारे शासकीय धोरण हीही कारणे होती. करप्याने पीक बुडविले. माणसे मरू दिली ती समाजव्यवस्थेने.

रोगट पानांच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसे. तिचा अर्थ काय, यावर तीव्र वाद झाला. लंडनमधील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्या मते थंड व पावसाळी हवेमुळे झाडांनी अतिरिक्त पाणी शोषले व ती कुजली. लव हा त्या कुजण्याचा परिणाम होता. इंग्लंडमधील एका खेड्यात धर्मोपदेशक असलेले माइल्स जोसेफ बर्कली यांनी उलट मत मांडले. लव अद्याप सजीव असलेल्या पानांवर दिसते आणि कुजणे तिच्यामागून येते, हे लक्षात घेऊन या कवकामुळेच रोग होतो, असे त्यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्समधील माँताञ व बेल्जियममधील मॉरन यांनीही या लवेचा अभ्यास केला होता. परंतु बर्कली यांचा युक्तिवाद निरीक्षणावर आधारलेला होता. रोगाचे संक्रमण घडवून दाखविणारा प्रयोग त्यांच्यापाशी नव्हता. त्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञ लिंडली यांच्या बाजूने राहिले.

हा प्रयोग जर्मनीतील हाइन्रिख आंतोन द बारी यांनी केला. तांबेरा व काणी यांवरील त्यांचा ग्रंथ १८५३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी प्रसिद्ध झाला होता. १८६१ मध्ये त्यांनी बटाट्याच्या निरोगी झाडांवर करप्याची बीजुके टाकली. ज्या झाडांवर ती टाकली ती ओलसर हवेत रोगट झाली. तशाच हवेत वाढविलेली, पण बीजुके न टाकलेली झाडे निरोगी राहिली. पाण्याच्या थेंबात बीजुककोशातून पोहणारी चलबीजुके बाहेर पडतात, रुजतात व पानात शिरतात, हेही त्यांनी पाहिले. लिंडली यांना दिसलेला पावसाचा संबंध खोटा नव्हता, हे यावरून स्पष्ट झाले. पाऊस हे रोगाचे कारण नव्हते. कारणाला पानापर्यंत पोहोचविणारे ते साधन होते. पुढे १८७६ मध्ये द बारी यांनी या सजीवाला फायटोप्थोरा, म्हणजे ‘वनस्पतींचा विनाशक’, हे प्रजातिनाम दिले.

रोगाचे कारण वेळीच मान्य झाले असते तर आयर्लंडमधील दुष्काळ टळला असता, असे म्हणता येणार नाही. कारण पानांवर फवारण्याजोगे औषध तेव्हा कोणाहीपाशी नव्हते. परंतु ते शोधण्याची दिशाही चुकीच्या सिद्धांतामुळे बंद राहिली. द्राक्षवेलींवरील केवडा रोगावर मोरचूद व चुना यांचे मिश्रण गुणकारी आहे, हे बॉर्दो येथील पिएर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असे मिश्रण शिंपडलेले त्यांनी पाहिले होते. हेच बोर्डो मिश्रण बटाट्याच्या करप्यावरही उपयुक्त ठरले. प्रेव्हो यांनी तांब्याचा गुण सांगितल्याला तेव्हा ७८ वर्षे झाली होती. कोकणात व गोव्यात सुपारीच्या घोसांवर पावसाळ्यापूर्वी फवारले जाते तेही हेच मिश्रण. तेथील कोळेरोग फायटोप्थोराच्याच एका जातीमुळे होतो.

जीवनचक्रांचा उलगडा : रोगाचे कारण कवक आहे हे ठरल्यावर त्याच्या पूर्ण जीवनचक्राचा शोध सुरू झाला. फ्रान्समधील त्यूलान बंधूंनी एकाच कवकाची बीजुके अनेक प्रकारची असू शकतात, हे दाखविले. त्यामुळे वेगवेगळ्या नावांनी नोंदलेल्या कित्येक जाती एकाच जातीच्या अवस्था असल्याचे आढळले. राय या धान्यावरील अरगटाचे जीवनचक्र लूई त्यूलान यांनी १८५३ मध्ये स्पष्ट केले.

गव्हावरील काळ्या तांबेऱ्याचे उदाहरण याहूनही उद्बोधक आहे. दारुहळदीच्या जातीच्या झुडपांजवळ गहू जास्त तांबेरतो, असा युरोपातील व अमेरिकेतील शेतकऱ्यांचा अनुभव होता आणि कनेटिकटमध्ये १७२६ मध्ये ही झुडपे तोडण्याचा कायदाही झाला होता. शास्त्रज्ञांना ही समजूत खुळी वाटे. द बारी यांनी १८६५ मध्ये गव्हावरील कवकाची बीजुके दारुहळदीच्या पानांवर रुजवून तेथे निराळ्या प्रकारचे बीजुकधारी पेले निर्माण झाल्याचे दाखविले. हे कवक आयुष्याचा काही भाग गव्हावर व काही भाग दारुहळदीवर काढते आणि एकूण पाच प्रकारची बीजुके निर्माण करते. शेतकऱ्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्याचे स्पष्टीकरण मिळण्यास १३९ वर्षे लागली. कवकांतील लैंगिक प्रक्रियेचा उलगडाही क्रमाक्रमाने झाला. बाह्यतः एकसारख्या दिसणाऱ्या, पण परस्परपूरक अशा दोन वाणांचे तंतू एकत्र आल्याखेरीज म्यूकर गटातील कित्येक कवकांत लैंगिक बीजुके होत नाहीत, हे ब्लेकस्ली यांनी १९०४ मध्ये सिद्ध केले.

सहजीवन : कवके केवळ शत्रू नाहीत, हेही याच सुमारास कळून आले. दगडफूल ही एक वनस्पती नसून कवक व शैवल यांची जोडी आहे, असे झीमॉन श्व्हेंडेनर यांनी १८६० नंतरच्या दशकात प्रतिपादिले. भिन्न सजीवांच्या अशा एकत्र जगण्याला द बारी यांनी १८७९ च्या सुमारास सहजीवन ही संज्ञा दिली. प्रशियात भूमिगत खाद्य कवकांच्या लागवडीची शक्यता तपासताना आल्बेर्ट फ्रांक यांना वनवृक्षांच्या मुळांवर कवकजालाचे आवरण आढळले. हे आवरण झाडाला मातीतील पाणी व क्षार पुरविते आणि मोबदल्यात झाडाकडून शर्करा घेते, असे आता ज्ञात आहे. फ्रांक यांनी १८८५ मध्ये वर्णिलेले हे संकवक बहुसंख्य भूवनस्पतींच्या मुळांत असते. कोकणात व गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर येणारी चविष्ट अळंबी हाही सहजीवनाचाच एक प्रकार होय. वारुळातील वाळवी आपल्या अन्नासाठी त्या कवकाची जणू शेतीच करते.

भारतातील अभ्यास : भारतात कवकांचा व वनस्पतिरोगांचा संघटित अभ्यास १९०१ मध्ये एडविन जॉन बटलर यांच्या नेमणुकीपासून सुरू झाला. बटाट्याच्या करप्याने उद्ध्वस्त केलेल्या आयर्लंडमध्येच त्यांचा जन्म झाला होता. बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत त्यांनी केलेल्या कार्याचा सारांश त्यांच्या १९१८ च्या ग्रंथात आहे. बटलर व बिस्बी यांनी भारतातील कवकांची सूची १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबई इलाख्यातील कवकांची सूची उप्पल, पटेल व कामत यांनी १९३५ मध्ये तयार केली. मा. ना. कामत यांनी पुढे पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (स्थापना १९४६) कवकविज्ञानाची परंपरा रुजविली. हीच संस्था आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते व तेथे वाळविलेल्या कवकांचा आजरेकर संग्रह आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रह आहे.

आग्रा येथील करमचंद मेहता यांचे तांबेऱ्यावरील संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेऱ्याची बीजुके जगत नाहीत. मग दरवर्षी गव्हावर रोग येतो कोठून, हा प्रश्न होता. युरोपातील उत्तर येथे लागू पडत नव्हते. हिमालयात दारुहळद असली, तरी येथील तांबेऱ्याच्या पुनरागमनात तिचा वाटा नाही, हे मेहता यांनी दाखविले. डोंगराळ भागांत उन्हाळ्यातही उभ्या राहणाऱ्या गव्हावर कवक टिकून राहते व वाऱ्याबरोबर त्याची बीजुके मैदानात येतात. दक्षिणेत निलगिरी व पळणी हे डोंगर काळ्या तांबेऱ्याचे उगमस्थान असल्याचे आढळले. एका देशात सिद्ध झालेले जीवनचक्र दुसऱ्या देशात जसेच्या तसे गृहीत धरता येत नाही, हा धडा या संशोधनाने दिला.

उपयुक्त कवके : यीस्ट हा सजीव असून त्याच्यामुळे शर्करेचे अल्कोहॉलात रूपांतर होते, हे १८३७ मध्ये श्वान व कान्यार द ला तूर यांनी आणि नंतर पाश्चर यांनी दाखविले. १९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम कवकाभोवती जंतू वाढत नसल्याचे आढळले. फ्लोरी व चेन यांनी १९४० नंतर त्यातील पेनिसिलिनाचा औषध म्हणून उपयोग सिद्ध केला. विपुल उत्पादनासाठी योग्य ठरलेला वाण १९४३ मध्ये अमेरिकेतील पिओरिया येथे एका बुरसलेल्या खरबुजावर मिळाला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यामुळे हे औषध भारतात तयार होऊ लागले. पावावरील लाल बुरशी न्यूरोस्पोरा हिच्यावर प्रयोग करून बीडल व टेटम यांनी १९४१ मध्ये जनुके एंझाइमांचे नियंत्रण करतात, हे दाखविले. त्याबद्दल त्यांना १९५८ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

स्वतंत्र सृष्टी : एवढी प्रगती होऊनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाठ्यपुस्तकांत कवके ही हरितद्रव्यहीन वनस्पती म्हणूनच गणली जात. वस्तुतः या समजुतीविरुद्धचा पहिला पुरावा १८११ मध्येच मिळाला होता. नान्सी येथील आंरी ब्राकॉनो यांनी भूछत्रांतून एक न विरघळणारे द्रव्य वेगळे केले होते. तेच द्रव्य पुढे कीटकांच्या कवचात सापडले व त्याला कायटिन हे नाव मिळाले. वनस्पतींच्या कोशिकाभित्ती सेल्युलोजाच्या असतात, तर कवकांच्या भित्तींत कायटिन असते. शिवाय कवके अन्नाचा साठा स्टार्चाच्या नव्हे, तर प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेनाच्या रूपात करतात. पोषणाची पद्धत प्रमाण मानून रॉबर्ट व्हिटकर यांनी १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या व कवकांना वेगळी सृष्टी दिली : वनस्पती अन्न तयार करतात, प्राणी ते गिळतात आणि कवके ते शोषतात. १९९३ मध्ये रेणवीय तुलनेवरून कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे दिसून आले. कवकजन्य रोगांवर औषधे शोधणे जंतुरोगांपेक्षा कठीण का, याचे उत्तर या नात्यात आहे. कवकाच्या कोशिकेला मारणारे द्रव्य पुष्कळदा आपल्याही कोशिकांना घातक ठरते.

या नव्या कसोट्यांचा एक परिणाम अनपेक्षित होता. बटाट्याच्या करप्याच्या फायटोप्थोरात तंतुमय शरीर व बीजुककोश असले, तरी त्याच्या भित्ती मुख्यतः सेल्युलोजाच्या असतात आणि चलबीजुकांना दोन भिन्न प्रकारचे कशाभ असतात. त्याचे जवळचे नातलग तपकिरी शैवले व करंडक वनस्पती हे होत. म्हणून त्याला कवकसृष्टीतून वगळण्यात आले आहे. ज्या रोगाच्या वादातून कवकविज्ञान व वनस्पतिरोगविज्ञान घडले, त्या रोगाचा कारक खरे कवक नव्हताच. तथापि यामुळे बर्कली व द बारी यांचा निष्कर्ष बाधित होत नाही. रोग हवेतून वा बिघडलेल्या रसातून नव्हे, तर एका स्वतंत्र सजीवापासून येतो, हे त्यांचे म्हणणे होते. त्या सजीवाचे कूळ नंतर बदलले, एवढेच. संग्रहालयांत जतन केलेल्या एकोणिसाव्या शतकातील रोगट पानांतील डीएनए तपासून त्या साथीला कारणीभूत झालेला वाण २०१३ मध्ये ओळखण्यात आला.

आजवर सु. दीड लाख कवकजातींना नावे मिळाली आहेत. त्यांची प्रत्यक्ष संख्या २२ ते ३८ लाख असावी, असा २०१७ मधील एक अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्य कवके अजूनही मीकेलींपूर्वीच्या बुरशीइतकीच अपरिचित आहेत. मातीत, मुळांत, लाकडांत व प्राण्यांच्या शरीरांत ती कोणते कार्य करतात, हे समजण्यासाठी त्यांचा शोध घेणे आवश्यक आहे. पिकावर किंवा प्राण्यावर एखादे अनोळखी कवक आढळले, तर ते रोगाचे कारण की परिणाम, हा जुना प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो. त्याचे उत्तर देण्याची द बारी यांची रीत, म्हणजे निरोगी सजीवावर बीजुके टाकून व न टाकून परिणामांची तुलना करणे, आजही पायाभूत आहे.